त्सो कारच्या पाणथळीत: एक प्रवास आणि जाणाऱ्यांसाठी काही सूचना

हिवाळ्यात भिगवणला किंवा नांदूर मध्यमेश्वरला पट्टकादंब हंसांचे थवे पाहिलेल्या माणसाला हे पक्षी उन्हाळ्यात कुठे असतात, असा प्रश्न कधीतरी पडतोच. त्यांतले बरेच तिबेट आणि मंगोलियाकडे जातात. भारतात मात्र ते केवळ लडाखमध्ये, तिथल्या उंचावरील सरोवरांच्या काठी वीण करतात. त्यांपैकी त्सो कारची पाणथळ पाहण्यासाठी आम्ही जुलै महिन्यात गेलो होतो.

त्सो कारला लेहहून दोन वाटा आहेत. तांगलांग खिंडीची वाट जवळची, पण ती पाच हजार तीनशे मीटरच्या वर चढते. जाताना आम्ही सिंधूकाठचा लांबचा रस्ता धरला आणि तोच सुचवावासा वाटतो. उपशी, चुमाथांग, माहे असा हा रस्ता बेताने चढत जातो आणि सुमदोपाशी पुगा खोऱ्यात वळतो. तेथील गरम पाण्याच्या झऱ्यांच्या ओलाव्यावर दलदल पोसली गेली आहे आणि त्सो कारप्रमाणे तिथेही काळ्या मानेचे क्रौंच घरटी करतात. याच खोऱ्यात २०२१ पासून भूगर्भातील उष्णतेवर वीज निर्माण करण्याचा प्रकल्प हाती घेण्यात आलेला असल्यामुळे खोऱ्याचे आजचे रूप किती काळ टिकेल, याची शंका येते. पुढे पोलोकोंका खिंड ओलांडली, की त्सो कारचे खोरे समोर येते.

सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवरील या खोऱ्यात पाणी दोन प्रकारचे आहे. दक्षिणेकडील स्तार्त्सापुक हे लहान, गोड्या पाण्याचे तळे. त्यातून ओसंडणारे पाणी उत्तरेकडील मोठ्या, अतिशय खाऱ्या त्सो कारमध्ये जाते आणि तिथून बाहेर पडायला वाट नसल्याने तिथेच आटते. काठावरचा मिठाचा पांढरा पट्टा पाहून ‘हवामानबदलामुळे तळे सुकले’ असे म्हणण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरावा. भोवतालच्या डोंगरउतारांवर जुन्या किनाऱ्यांच्या रेघा आजच्या पाण्याच्या कितीतरी वर स्पष्ट दिसतात. म्हणजे हे सरोवर हजारो वर्षांपासून आकसत आले आहे, आणि चांगपा पशुपालक येथील मीठ मेंढ्यांच्या पाठीवर लादून व्यापाराला नेत, तेही काही आजकालचे नव्हे. आजची काळजी वेगळी आहे. या पाणथळीला पाणी मिळते ते वितळणाऱ्या बर्फाचे आणि झऱ्यांचे. हिमनद्या मागे हटू लागल्या आणि हिवाळी बर्फाचा भरवसा राहिला नाही, की आधी काही काळ पाणी वाढू शकते आणि नंतर ते घटत जाते. असा बदल एका भेटीत डोळ्यांना दिसत नाही, आणि तो दिसला असे सांगणाऱ्या प्रवासवर्णनांवर माझा फारसा विश्वास नाही.

डोळ्यांना दिसतो तो दुसरा बदल. स्तार्त्सापुकच्या काठी गवताळ उंचवट्यांची ओली कुरणे आहेत. थंडीमुळे येथे मेलेली मुळे आणि पाने सहजासहजी कुजत नाहीत. ती वर्षानुवर्षे साचून स्पंजासारखा काळा थर तयार होतो, जो पाणी आणि कार्बन दोन्ही धरून ठेवतो. एके ठिकाणी कोणीतरी फोटोसाठी गाडी थेट या कुरणात घातली होती. दोन्ही चाकोऱ्या वीतभर खोल गेल्या होत्या आणि त्यांतून पाण्याची बारीक धार तळ्याकडे निघाली होती; चाकोरीच्या कडेचे उंचवटे वरून करडे पडले होते आणि हाताने दाबल्यावर त्यांचा भुगा होत होता. कुरण असे वाळू लागले की साचलेला थर हवेच्या संपर्कात येऊन कुजू लागतो आणि त्यातला कार्बन हवेत जातो. वाढीचा हंगाम जेमतेम तीन-चार महिन्यांचा असल्यामुळे अशी जखम भरून यायला फार वर्षे लागतात. त्यामुळे गाडी मळलेल्या रस्त्यावरूनच न्यावी. चालकाने ‘जरा आत घेतो’ म्हटले, तरी नम्रपणे नको म्हणावे. चालक बहुधा प्रवाशांच्याच हौसेखातर तसे विचारत असतो.

कचऱ्याचे तसेच आहे. नूडल्सची पाकिटे आणि उरलेले अन्न यांवर तळांच्या, छावण्यांच्या आसपास कुत्री वाढतात आणि तीच कुत्री क्रौंचांची अंडी व पिले खातात. हा क्रौंच साधारणपणे दोनच अंडी घालतो आणि पिलांना उडता येईपर्यंत सप्टेंबर उजाडतो. २०२० मध्ये त्सो कारला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून मान्यता मिळाली; लडाखमधल्याच त्सो मोरिरी सरोवराला तो दर्जा २००२ मध्येच मिळाला होता. कुत्र्यांना मात्र दर्जा कळत नाही. उरलेले अन्न परत लेहला न्यावे, कुत्र्यांना बिस्किटे घालू नयेत.

क्रौंचाची जोडी दिसली तर किमान दोनशे मीटर दूर थांबावे. पक्षी मान ताठ करून आपल्याकडे पाहू लागला, तर तेही अंतर कमी आहे असे समजावे. साध्या दुर्बिणीपेक्षा तिपाईवरची मोठी दुर्बीण नेणे उत्तम. ड्रोन मुळीच नेऊ नये. पहाटेचे दोन-तीन तास निरीक्षणाला सर्वांत चांगले, कारण दुपारनंतर वारा सुटतो आणि मिठाची धूळ डोळ्यांत जाते.

मुक्काम थुक्जे गावात घरगुती निवासात करावा. त्याआधी लेहमध्ये निदान दोन-तीन रात्री काढून शरीराला उंचीची सवय होऊ द्यावी. डोकेदुखीबरोबर उलट्या किंवा तोल जाणे सुरू झाले, तर सकाळची वाट न पाहता खाली उतरावे. महाराष्ट्रातले प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही. इंधन लेहहून निघाल्यावर वाटेत लागणाऱ्या कारू गावापर्यंतच भरून घ्यावे, ओळखपत्र जवळ ठेवावे आणि परवाने व पर्यावरण शुल्काचे नियम बदलत असल्यामुळे निघण्याच्या आदल्या दिवशी लेहमध्ये विचारून घ्यावेत. परतताना देब्रिंगवरून तांगलांग खिंडीची जवळची वाट घ्यायला हरकत नाही. तोवर उंची अंगवळणी पडलेली असते.