तुम्ही विचारलंत म्हणून : परदेशातली जर्मन शाळा कोणासाठी?

मी जर्मन शिकवते हे कळल्यावर पालक एक प्रश्न हमखास विचारतात : परदेशांतल्या जर्मन शाळा शेवटी तिथे बदलीवर आलेल्या जर्मन अधिकाऱ्यांच्या मुलांसाठीच असतात ना? मुंबईत १९६१ साली जर्मन कुटुंबांसाठी अशी शाळा निघाली होती आणि ती ज्यांना ऐकून माहीत आहे, त्यांना असे वाटणे साहजिक आहे. मी मात्र उत्तरादाखल इस्तंबूलच्या शाळेची हकिकत सांगते, कारण दोनदा बंद पडूनही ती कशामुळे टिकली हे पाहिले की या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळते.

ही शाळा १ मे १८६८ रोजी सुरू झाली. त्या शहरात प्रॉटेस्टंट चर्चची जर्मन शाळा आधीपासून होती. पण तिथल्या जर्मन आणि स्विस रहिवाशांपैकी काहींना चर्चच्या अधिकाराखाली नसलेली, कोणत्याही धर्माच्या मुलाला प्रवेश देणारी शाळा हवी होती. ग्रीक, आर्मेनियन, ज्यू, इटालियन अशी सगळी वस्ती ज्या पेरा भागात एकमेकांना खेटून राहत होती, तिथे या निर्णयाचा परिणाम उघड होता. ज्यांच्या घरी जर्मनचा एक शब्दही बोलला जात नव्हता अशी मुले पहिल्या काही दशकांतच वर्गात येऊन बसली. संस्थापकांच्या या निर्णयाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

१८९४ च्या भूकंपात शाळेची इमारत खिळखिळी झाली आणि १८९७ मध्ये, गलाता टेकडीच्या माथ्यावर, आजची इमारत उभी राहिली. तिच्या उभारणीत ओटो काप या रेल्वे अभियंत्याचा मोठा वाटा होता, आणि हा काही योगायोग नव्हे. १८८८ साली अनातोलियन रेल्वेचा, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियाई भागातल्या लोहमार्गाचा, परवाना जर्मन भांडवलदारांना मिळाला, १८९२ मध्ये गाडी अंकाऱ्यापर्यंत आणि १८९६ मध्ये कोन्यापर्यंत पोहोचली, आणि जर्मन ही तिथल्या स्थानिक तरुणांसाठी पोटापाण्याची भाषा झाली.

पहिल्या महायुद्धातील पराभवानंतर, १९१८ मध्ये, शाळेला कुलूप लागले. १९२४ मध्ये ती पुन्हा उघडली तेव्हा ऑस्मानी साम्राज्य जाऊन तुर्की प्रजासत्ताक आले होते आणि ३ मार्च १९२४ च्या कायद्याने देशातल्या सगळ्या शाळा शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत आल्या होत्या. तुर्की भाषा, इतिहास आणि भूगोल हे विषय तुर्की शिक्षकांनी तुर्कीतूनच शिकवायचे, आणि परदेशी मुख्याध्यापकाच्या बरोबरीने एक तुर्की उपमुख्याध्यापक असायचा, ही व्यवस्था आजही आहे. परकीय शाळांना ही बंधने जाचक वाटली असणार; माझ्या मते मात्र याच बंधनांनी शाळेला त्या देशात कायमची जागा मिळवून दिली.

१९३३ नंतरचा काळ सांगताना मला नेहमी थोडे थांबावे लागते. त्या वर्षी प्रजासत्ताकाचे संस्थापक अतातुर्क यांच्या सरकारने इस्तंबूलच्या विद्यापीठाची पुनर्रचना केली आणि हिटलरच्या राजवटीने नोकरीवरून काढलेल्या अनेक जर्मन प्राध्यापकांना तुर्कस्तानात बोलावले. त्यांच्या मुलांची मातृभाषा जर्मन होती आणि शहरात जर्मन शाळाही होती. पण ती आता नाझी राजवटीच्या प्रभावाखाली गेली होती. अंकाऱ्यात लैला कुद्रेत नावाच्या विदुषी अशा निर्वासित घरांतल्या मुलांना जर्मन अभ्यासक्रमानुसार शिकवत असत. त्यांच्या विद्यार्थ्यांत एड्झार्ड रॉयटर हा मुलगा होता. त्याचे वडील एर्न्स्ट रॉयटर नाझी छळछावणीतून सुटून आलेले होते आणि युद्धानंतर ते पश्चिम बर्लिनचे महापौर झाले. एड्झार्ड पुढे डायम्लर-बेन्झचा प्रमुख झाला. जर्मन शाळेचा इतिहास लिहायचा तर शाळेबाहेर राहिलेल्या या मुलांचे पानही त्यात असलेच पाहिजे, असे मला वाटते.

ऑगस्ट १९४४ मध्ये तुर्कस्तानने जर्मनीशी राजनैतिक संबंध तोडले, शाळा दुसऱ्यांदा बंद झाली, आणि ती उघडायला १९५३ साल उजाडले. त्यानंतर तिथे जे विद्यार्थी आले ते मुख्यतः तुर्की घरांतले. आज तिथे प्रवेश मिळवायचा तर आठवीनंतरच्या देशव्यापी परीक्षेत अगदी वरचे गुण लागतात. मग चौदा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी पहिले अख्खे वर्ष प्रामुख्याने जर्मन शिकण्यात घालवते, आणि पुढच्या वर्षापासून गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे तास जर्मनमधून सुरू होतात. एका तासाला जर्मनमधून गतीचे नियम आणि पुढच्या तासाला तुर्कीतून ऑस्मानी इतिहास, असा त्यांचा दिवस असतो. शाळा सोडताना तुर्की पदविकेबरोबर जर्मनीतल्या विद्यापीठांचे दार उघडणारी आबिटूर ही परीक्षाही देता येते.

कामानिमित्त काही वर्षांसाठी तुर्कस्तानात आलेल्या जर्मन कुटुंबांच्या मुलांची सोय निराळी आहे. त्यांच्यासाठी अंकाऱ्याच्या जर्मन दूतावासाची शाळा आहे आणि इस्तंबूल व इझमीरला तिच्या शाखा आहेत. २०१८ च्या उन्हाळ्यात इझमीरच्या शाखेला, तिला कायदेशीर आधार नाही असे सांगून, तुर्की अधिकाऱ्यांनी टाळे ठोकले आणि ती पुन्हा सुरू होण्यासाठी सरकारी पातळीवर बोलणी करावी लागली. गलाता टेकडीवरच्या शाळेला मात्र त्याची झळ लागली नाही.