पोह्यांची बिलं आणि बिलावरचा नंबर

तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते. प्रश्न बहुतेक वेळा एका दमातच येतो: डेटा मायनिंगमध्ये, म्हणजे साठलेल्या नोंदींतून उपयोगी गोष्टी शोधण्याच्या कामात, नेमकं करतात काय, मुलीला त्या लाइनला घालावं का, आणि हे लोक आपली माहिती चोरतात ना? तिन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच शब्दाभोवती फिरतं, तो म्हणजे जोडणी. सुटी पडलेली नोंद फारशी कुणाच्या कामाची नसते. ती दुसऱ्या नोंदीला जोडली की तिच्यातून काहीतरी कळायला लागतं. धंदा त्यावरच चालतो आणि धोकाही तिथूनच येतो.

किराणा दुकानाचंच उदाहरण घेऊ. समजा, एका मोठ्या दुकानाची महिनाभराची १०,००० बिलं आपल्यासमोर आहेत. पोहे १,२०० बिलांवर आहेत, शेंगदाणे १,५०० बिलांवर, आणि दोन्ही एकत्र ५४० बिलांवर. आता तीन आकडे काढायचे. पहिला सपोर्ट: एकूण बिलांपैकी किती बिलांवर ही जोडी आहे? ५.४ टक्के. दुसरा कॉन्फिडन्स: पोहे असलेल्या बिलांपैकी किती बिलांवर शेंगदाणेही आहेत? ५४० भागिले १,२००, म्हणजे ४५ टक्के. तिसरा लिफ्ट, आणि खरी मेख इथेच आहे. एरवी कुठलंही बिल उचललं तर त्यावर शेंगदाणे असण्याची शक्यता १५ टक्के. पोह्यांच्या बिलावर ती ४५ टक्के झाली, म्हणजे तिप्पट. लिफ्ट ३.

नवीन माणूस कॉन्फिडन्सवर थांबतो आणि फसतो. याच दुकानात दूध ६,००० बिलांवर आहे आणि पोह्यांच्या १,२०० बिलांपैकी ७२० बिलांवर. कॉन्फिडन्स ६० टक्के, शेंगदाण्यांपेक्षाही जास्त. पण दूध एरवीही ६० टक्के बिलांवर असतंच की! लिफ्ट १, म्हणजे पोहे घेतले काय आणि न घेतले काय, दुधाला फरक पडत नाही. पोह्यांशेजारी दुधाचा फ्रीज हलवला तर हलवण्याचा खर्च तेवढा अंगावर येईल.

एका जोडीचा हिशेब कागदावर होतो. पण दुकानात २,००० वस्तू असतील तर जोड्या जवळजवळ २० लाख होतात आणि तिघांचे गट १३३ कोटींच्या वर जातात. सगळे मोजत बसणं शक्य नाही. यावरचा तोडगा राकेश अग्रवाल आणि रामकृष्णन श्रीकांत या दोन भारतीय वंशाच्या संशोधकांनी आयबीएमच्या कॅलिफोर्नियातल्या अल्माडेन प्रयोगशाळेत काम करताना १९९४ मध्ये मांडला. त्याला अप्रायोरी म्हणतात. तर्क इतका साधा आहे की शाळेतल्या मुलालाही पटेल: एखादी वस्तू एकटीच पुरेशा बिलांवर नसेल, तर ती ज्या गटात आहे तो गटही पुरेशा बिलांवर असू शकत नाही. मग तो गट मोजायचाच कशाला? आधी एकेकटी वस्तू मोजायची, विरळ वस्तू गाळायच्या, उरलेल्यांच्या जोड्या मोजायच्या, पुन्हा गाळायच्या आणि मग तिघांच्या गटांकडे वळायचं.

आता कामाचा तो भाग, जो कोर्सच्या जाहिरातीत कधी दिसत नाही. वरचा हिशेब चालवायला दोन मिनिटं लागतात. त्याआधी बिलं हिशेबाला लायक करण्यात कित्येक दिवस जातात. 'शेंगदाणे ५०० ग्रॅम', 'शेंगदाणा अर्धा किलो' आणि 'शेंग. सुटे' या कॉम्प्युटरच्या लेखी तीन वेगळ्या वस्तू असतात. त्या एका नावाखाली आणल्या नाहीत तर १,५०० बिलांची ५००-५०० अशी तीन तुकड्यांत वाटणी होते आणि जोडी दिसतच नाही. परत आलेला माल उणे नगसंख्येने नोंदलेला असतो, तो वेगळा काढावा लागतो. खानावळवाल्याचं ६० वस्तूंचं बिल एकटंच १,७७० जोड्या तयार करतं, म्हणून घाऊक बिलं बाजूला ठेवावी लागतात. 'साबणावर टूथपेस्ट मोफत' अशी योजना चालू असेल तर त्या महिन्यात साबण आणि टूथपेस्ट यांची लिफ्ट आभाळाला भिडते. ती गिऱ्हाइकाची सवय नसते, दुकानदाराने स्वतःच बांधलेली जोडी असते.

मोबाइल नंबरच्या रकान्याचं तर विचारूच नका. गिऱ्हाइकाने नंबर दिला नाही आणि रकाना रिकामा सोडता येत नसेल, तर काउंटरवरचा पोरगा दहा वेळा ९ दाबून मोकळा होतो. मग यादीत सगळ्यात 'निष्ठावान' ग्राहक म्हणून तोच नंबर वर येतो, महिन्याला चार हजार बिलं! म्हणून कुठलाही तक्ता हातात आला की आधी प्रत्येक रकान्यात सर्वांत जास्त वेळा आलेली दहा मूल्यं काढून बघावीत. निम्मे घोटाळे तिथेच सापडतात.

दुसऱ्या जातीचं काम अंदाजाचं. हा कार्डावरचा व्यवहार खरा की लबाडीचा? हा कर्जदार हप्ते थकवील का? बँका, विमा कंपन्या आणि मोबाइल कंपन्या यांचं बरंचसं काम या प्रकारात मोडतं. इथे दोन खड्डे कायमचे. पहिला अचूकतेचा. एक लाख व्यवहारांत १०० लबाडीचे असतील, तर 'सगळे व्यवहार चांगले' असं डोळे मिटून सांगणारं मॉडेलही (जुन्या नोंदींवरून अंदाज सांगणारा प्रोग्राम) ९९.९ टक्के अचूक ठरतं, आणि एकही चोर पकडत नाही. म्हणून दोन प्रश्न विचारायचे: १०० पैकी किती पकडले, आणि पकडलेल्यांत खरे किती? समजा मॉडेलने ४०० व्यवहार अडवले आणि त्यात ८० लबाडीचे निघाले. तर ८० टक्के चोर सापडले, पण ३२० भल्या माणसांचं कार्ड दुकानात सगळ्यांसमोर अडलं. हा सौदा परवडतो का, हे धंदा समजणाऱ्या माणसाने ठरवायचं असतं. गणित तेवढंच सांगून थांबतं.

दुसरा खड्डा गळतीचा, आणि हा जास्त फसवा. कर्ज थकण्याचा अंदाज बांधताना तक्त्यात 'वसुलीकडे पाठवल्याची तारीख' हा रकाना राहून गेला, तर मॉडेल चाचणीत जवळजवळ सगळी उत्तरं बरोबर देतं. देणारच, कारण ती तारीख फक्त थकलेल्या कर्जांनाच असते. उद्याच्या नव्या अर्जात तो रकाना रिकामा असेल आणि मॉडेल आंधळं होईल. निकाल फार चांगला आला की आनंद करण्याआधी प्रत्येक रकान्याला विचारायचं: निर्णय घ्यायच्या दिवशी ही माहिती हातात असते का? चाचणीही तारखेनेच करायची. जानेवारी ते सप्टेंबरवर शिकवायचं आणि ऑक्टोबर ते डिसेंबरवर तपासायचं. सगळे महिने पत्त्यांसारखे पिसून वाटले तर दिवाळीची खरेदी आधीच बघितलेलं मॉडेल दिवाळीचा 'अंदाज' सांगतं.

करिअरचं म्हणाल, तर शिकायचा क्रम मी उलटा सांगते. आधी एसक्यूएल, म्हणजे साठवलेल्या तक्त्यांतून माहिती काढायची भाषा, त्यातही जॉइन, म्हणजे दोन तक्ते जोडणं, पक्कं. दोन तक्ते जोडल्यावर ओळी अचानक वाढल्या तर का वाढल्या, हे ज्याला सांगता येतं तो कामाचा. मग सरासरी, मध्यक, विचलन, संभाव्यता. मग पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि तिच्यातलं तक्ते हाताळायचं साधन पांडाज. मशीन लर्निंग, म्हणजे नोंदींवरून मॉडेल शिकवणं, त्यानंतर. नोकरीची पहिली पायरी बहुधा डेटा अ‍ॅनालिस्टची. पाइपलाइन, म्हणजे डेटा एका जागेहून दुसरीकडे आपोआप नेणारी व्यवस्था, बांधण्याची आवड असेल तर डेटा इंजिनिअर, मॉडेलमध्ये रमणाऱ्यांसाठी डेटा सायंटिस्ट. बीकॉम झालेल्या मुलींनी 'आपलं गणित कच्चं' म्हणून मागे हटू नये. उधारी, परतावा आणि जीएसटी म्हणजे काय हे आधीच माहीत असणं ही या कामात मोठी शिदोरी आहे.

सर्टिफिकेटं गोळा करण्यापेक्षा एक तक्ता शेवटपर्यंत न्या. 'ऑनलाइन रिटेल' नावाचा एका ब्रिटिश दुकानाचा डेटा फुकट मिळतो: डिसेंबर २०१० ते डिसेंबर २०११, आठ रकाने, ५,४१,९०९ ओळी. त्यात १,३५,०८० ओळींना ग्राहक क्रमांकच नाही. इंग्रजी 'सी' अक्षराने सुरू होणाऱ्या क्रमांकाची बिलं रद्द झालेली आहेत. टपालखर्चही मालाच्या यादीत वस्तू म्हणून बसलेला आहे. हे सगळं नीट करून दहा भरवशाचे नियम काढा, आणि काय गाळलं, का गाळलं, हे दोन पानांत लिहा. मुलाखतीत ती दोन पानं बोलतात.

आता चोरीचा प्रश्न. लोकांना नाव आणि नंबर फुटण्याची भीती वाटते, ती रास्तच आहे. पण नाव काढून टाकलं की काम झालं, हा समज जास्त घातक आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने नव्वदच्या दशकात सरकारी कर्मचाऱ्यांच्या उपचारांच्या नोंदी नावं काढून संशोधनासाठी दिल्या. लटान्या स्वीनी तेव्हा विद्यार्थिनी होत्या. त्यांनी केंब्रिज शहराची मतदारयादी २० डॉलरला विकत घेतली आणि दोन्ही तक्ते पिन (पत्त्यातला पिनकोड), जन्मतारीख आणि लिंग यांवर जोडले. राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांच्या जन्मतारखेचे शहरात सहा जण होते, त्यात पुरुष तीन, आणि त्यांच्या पिनचा एकच. गव्हर्नरांच्या आजारपणाची नोंद हाती आली. पुढे स्वीनींनी दाखवलं की अमेरिकेतली ८७ टक्के माणसं या तीन गोष्टींवरून एकेकटी ओळखता येण्याची शक्यता आहे.

असं का होतं, ते आपल्या पिनवर करून बघा. समजा एका पिनमध्ये ५०,००० माणसं आहेत. ८० वर्षांच्या जन्मतारखा म्हणजे २९,२०० दिवस, गुणिले स्त्री-पुरुष दोन, म्हणजे ५८,४०० खण. माणसांपेक्षा खणच जास्त! बहुतेक खण रिकामे राहणार, नाहीतर त्यांत एखादंच माणूस बसणार. आता पूर्ण तारखेऐवजी फक्त जन्मवर्ष ठेवा. खण उरले १६०, आणि एका खणात सरासरी ३१२ माणसं. एका रकान्याने इतका फरक पडतो. पण तेवढ्यावरही निश्चिंत राहता येत नाही. त्या खणातल्या सगळ्यांनाच एकच आजार असेल तर माणूस न ओळखताही आजार कळतो.

नंबर 'हॅश' करून ठेवलाय, असं उत्तर कंपन्यांकडून हमखास मिळतं. हॅश म्हणजे नंबरचं उलटं न फिरवता येणारं रूप. पण आपले मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात आणि दहा आकडी असतात, म्हणजे शक्य नंबर फार तर ४०० कोटी. साधा हॅश असेल तर ते सगळे हॅश करून यादी बनवायला चांगल्या कॉम्प्युटरला काही तास पुरतात. मग यादीत बघितलं की नंबर सापडला. म्हणून हॅश करताना नंबरासोबत गुप्त किल्ली, म्हणजे फक्त कंपनीला माहीत असलेला संकेत, मिसळलेली हवी आणि ती तक्त्यापासून वेगळी ठेवलेली हवी.

कायद्याचा आधार आता आहे. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. संमती जितक्या सहज देता येते तितक्याच सहज काढूनही घेता आली पाहिजे. आणि संमतीची विचारणा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांमध्ये, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय मिळाला पाहिजे. तो मागा. काउंटरवर नंबरसाठी अडवलं, तर मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने असा आग्रह धरू नये अशी सूचना विक्रेत्यांना दिली आहे, तेही सांगा.

आणि दुकान तुमचंच असेल, तर वर पोहे-शेंगदाण्यांचा जो हिशेब केला तो पुन्हा एकदा बघा. त्यात बिल क्रमांक लागला आणि वस्तूचं नाव लागलं. मोबाइल नंबर कुठेच लागला नाही.