खंबाटकीत गाडीचा दम का गेला: माझा अनुभव

कोथरूडच्या गल्ल्यांत माझी पेट्रोल गाडी ठणठणीत चालायची. सिग्नल सुटला की निघायची, धूर नाही, आवाज नाही. साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात मात्र तिसऱ्या गिअरमध्येही काटा अडीच हजार आरपीएमच्या वर सरकेना. ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी फरक शून्य. भरलेले ट्रक मागून हॉर्न द्यायला लागले, यावरून काय ते समजा.

पहिल्या वर्कशॉपचं निदान: क्लच गेलाय. ते काही पटेना. क्लच घसरत असेल तर इंजिनचा आवाज चढतो आणि गाडी तिथेच रेंगाळते. इथे इंजिनच चढत नव्हतं. दुसऱ्या ठिकाणी इंजेक्टर साफ करून घ्या म्हणाले. एअर फिल्टर नवा होता, पेट्रोलचं प्रेशर मोजलं तेही बरोबर आलं. पिकअप गेला म्हटलं की जो तो हवा आणि पेट्रोल आत कसं येतंय तेच बघतो. जळलेला वायू बाहेर पडतोय का, हे विचारायचं कुणाला सुचत नाही.

वारज्यातल्या एका जुन्या मिस्त्रींनी बॉनेट उघडायच्या आधी मागे जाऊन सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला आणि मला रेस द्यायला लावली. "साहेब, हिला श्वास घेता येतोय, सोडता येत नाहीये."

मग त्यांनी इनटेक मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांना, हवेची ओढ मोजणारं व्हॅक्यूम गेज जोडलं. समुद्रसपाटीला चांगलं इंजिन आयडलला, म्हणजे रेस न देता नुसतं चालू असताना, साधारण १८ ते २० इंच पारा एवढी ओढ दाखवतं. पुणे ५६० मीटरवर, म्हणून इथे दोनेक इंच कमी धरायचे. आमचा काटा १७ वर, म्हणजे तक्रारीला जागा नाही. पण अडीच हजारावर रेस धरून ठेवली आणि काटा हळूहळू खाली उतरत गेला. वाट मोकळी असेल तर तो एकदा हलून जागेवर येतो आणि तिथेच थांबतो.

एवढ्यावर पार्ट बदलायला ते तयार नव्हते, आणि हेच मला आवडलं. जळलेल्या वायूतला ऑक्सिजन मोजणारा पुढचा सेन्सर काढून त्याच्या भोकात प्रेशर गेज बसवलं. दाब आयडलला दीड पीएसआयच्या आत आणि अडीच हजारावर तीनच्या आत हवं. आमचं आठच्या पुढे गेलं. बाहेर जायला जागाच नसल्याने जळलेला वायू सिलिंडरमध्ये मागे उरत होता, आणि तेवढं नवं मिश्रण आत कमी येत होतं. शेवटी ते भोक उघडंच ठेवून वारज्याच्या पुलापर्यंत चक्कर मारली. आवाज ट्रॅक्टरचा, पण गाडी पळाली!

म्हणजे वाट त्या सेन्सरच्या पुढे, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये तुंबली होती. हा कॅट म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग. तो उतरवणं हे वेगळंच प्रकरण. नट गंजून धरलेले, रात्रभर तेल मारून ठेवावे लागले. टॉर्च मारून पाहिलं तर आतली सिरॅमिकची जाळी एका बाजूने वितळून गोळा झालेली. प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा लेप असलेली ही जाळी आपणहून वितळत नाही. "ही मेली नाही, मारलीये," मिस्त्री म्हणाले आणि स्कॅनर लावला. कोड आला पी ०३०२, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंग, तिथलं पेट्रोल नीट पेटत नाही. पावसाळ्यात चेक इंजिनचा दिवा लुकलुकत होता तेव्हा एका गॅरेजने प्लग पुसून कोड उडवून दिला होता. स्थिर दिवा आणि लुकलुकणारा दिवा यात फार फरक आहे: लुकलुकतो तेव्हा न जळलेलं पेट्रोल थेट कॅटमध्ये जाऊन तिथे पेटत असतं. प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी कॉइल तडकली होती. ती न बदलता नवा कॅट बसवला असता तर त्याचीही तीच गत झाली असती.

पहिल्या वर्कशॉपला सहज फोन केला तर त्यांनी स्वस्तातला तोडगा सुचवला: जाळी फोडून नळकांडं रिकामं बसवायचं. नको म्हटलं. माझी गाडी बीएस ४. पीयूसीला आयडलवर सीओ ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत लागतं. शिवाय कॅट काम करतोय का ते बघणारा मागचा सेन्सर चेक इंजिनचा दिवा पेटवणार तो पेटवणारच. नवा कॅट पाच आकडी पडला, तोंड कडू झालं, पण घेतला.

बसवताना मिस्त्रींनी मागचा सायलेन्सर रबरी हातोडीने ठोकून पाहिला, कारण जाळीचे तुकडे तिथे जाऊनही अडकतात. नशिबाने खडखड आली नाही. गॅसकेट नवं घातलं, सिलिकॉन मात्र लावू दिलं नाही. त्याच्या वाफेने ऑक्सिजन सेन्सर खराब होतो. जोड नीट बसायला हवा, नाहीतर सेन्सरच्या आधी गळती राहिली की बाहेरची हवा आत ओढली जाते आणि कॉम्प्युटर मिश्रणात पेट्रोल कमी आहे असं समजून पेट्रोल वाढवतो.

जुना कॅट ठेवून जा, असं ते म्हणाले नाहीत. उलट डिकीत ठेवून दिला. यातल्या धातूंना किंमत असते, मारुती ईको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला जातात ते त्यासाठीच. भंगारवाल्याने पैसे दिले, त्यात नवी कॉइल सुटली. पुढच्या साताऱ्याच्या फेरीत घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढलो, काटा साडेतीन हजारांवर. पीयूसीत सीओ ०.०४ आला.