गाळाची पुण्याई

निफाडची थंडी काय चीज आहे, ते चापडगावच्या मनोऱ्यावर पहाटे साडेसहाला कळतं. बोटं वळत नाहीत, दुर्बिणीवर आपल्याच श्वासाची वाफ धरते आणि समोरच्या धुक्यात काही दिसत नाही. नुसता पाखरांचा कलकलाट.

नांदूर मध्यमेश्वरला गोदावरी आणि कादवा भेटतात. इंग्रजांच्या काळात इथे बंधारा घातला तो कालव्यांसाठी. शंभरेक वर्षांत नद्यांनी त्यात एवढा गाळ आणून टाकला की पाणी उथळ झालं, बेटं वर आली, पाणकणीस माजलं. पाटबंधाऱ्याची डोकेदुखी, पाखरांची सुगी! १९८६मध्ये अभयारण्य झालं, २०२०मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जगानं मोलाची मानलेली पाणथळ जागा. लोक याला 'महाराष्ट्राचं भरतपूर' म्हणतात. मला नाही आवडत. भरतपूरला कुणी 'राजस्थानचं नांदूर' म्हणतं का?

धुकं विरलं तसा आमचा गावातला गाईड बोलता झाला. "ताई, ते वारकरी बघा." काळ्याकुळकुळीत अंगावर कपाळी पांढरा टिळा, आणि शेकड्यांनी, पाखरांची दिंडीच ती. शेजारी हळदी-कुंकू बदकं: चोचीच्या टोकाला हळद, मुळाशी कुंकू. ही नावं ठेवणाऱ्याला माझा दंडवत. तलवार बदकं डोकं पाण्यात घालून शेपट्या वर करून चरत होती. पाणी खोल असतं तर त्यांची मान तळापर्यंत पोचलीच नसती.

मी मात्र अडकले जांभळ्या पाणकोंबडीत. तिनं पाणकणसाचा कोंब उपटला, एका पायाच्या लांबलचक बोटांत मुठीसारखा धरला आणि लाल चोचीनं उसाचं कांडं सोलावं तसा सोलून आतला पांढरा गाभा खाल्ला. उरलेलं टाकलं, दुसरा घेतला. दहा मिनिटं हेच.

एवढ्यात दलदली भोवत्या, हा शिकारी पक्षी, पाण्यालगत तरंगत आला. विखुरलेले वारकरी क्षणात एकमेकांना चिकटले, पाण्यावर काळी सतरंजी झाली. त्यानं दोन घिरट्या घातल्या आणि हात हलवत गेला.

परतताना पाणकोंबडीच्या पावलांचे ठसे बघायला काठावर उतरले. वरून भेगाळलेली, कोरडी माती. दुसऱ्या पावलाला पाय गुडघ्यापर्यंत आत! गाईडनं हात दिला. बूट निघाला, मोजा गाळातच राहिला.