नळाचा दिवस आणि माशांची बादली

आमच्याकडं जुळे सोलापूरला नळाला पाणी चार दिवसांनी येतं, कधी पाच, आणि उजनीच्या पाइपलाइनला मध्येच कुठं गळती लागली तर मग बोलायलाच नको. त्यामुळं दोन वर्षांपूर्वी मी फिश टँक रिक्षातून उतरवत होतो तेव्हा आईचा पहिला प्रश्न, "माणसांना पाणी पुरंना आणि तू मासे आणायलास?" प्रश्न बरोबरच होता, उत्तर माझ्याकडं नव्हतं.

टँक 2 बाय 1 बाय 1 फुटाचा. हिशोबानं साधारण 56 लिटरचा, पण खालची खडी आणि वरची मोकळी जागा सोडली तर पाणी 45 लिटरच्या आसपास बसतं. सुरुवातीचे चार-पाच महिने मी काय करायचो, तर महिन्यातून एकदा नळाच्या दिवशी सगळे मासे बादलीत काढायचे, सगळं पाणी मोरीत ओतायचं, खडी घमेल्यात घेऊन तांदूळ धुतल्यासारखी चोळून चोळून धुवायची, फिल्टरचा स्पंजपण पिळून पिळून पांढरा करायचा आणि डायरेक्ट नळाचं पाणी भरून मासे परत आत. टँक असा चकाचक की शेजारची पोरं बघायला यायची. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी एखादा मासा उलटा, हे ठरलेलं. मी दुकानदाराच्या नावानं खडे फोडायचो की आजारी मासे देतो, आणि परत त्याच्याकडूनच नवीन घेऊन यायचो.

एक मित्र आहे, त्याच्याकडं 4 फुटी टँक आहे, त्यानं एकदा माझा हा धुण्याचा कार्यक्रम बघितला आणि म्हणाला, "दुकानदार नाही बे, मासे तू मारायलास." मग त्यानं समजावलं. माशांची घाण आणि उरलेलं खाणं कुजलं की पाण्यात अमोनिया होतो, तो विषारी. खडीवर आणि स्पंजमध्ये जे चिकट बुळबुळीत असतं, त्यात बॅक्टेरिया राहतात, ते या अमोनियाचं आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट. नायट्राइटपण वाईटच, नायट्रेट त्या मानानं बरं, पण ते साठत जातं, म्हणून थोडं थोडं पाणी बदलायचं. आणि मी दर महिन्याला हे बॅक्टेरियाच धुऊन काढत होतो, उरलेसुरले नळाच्या क्लोरीननं मरत होते. म्हणजे स्वच्छता करून करून मी मारत होतो माशांना.

त्यावर इलाज म्हणजे ग्रॅव्हल व्हॅक्यूम. दुकानात हे नाव घेतलं की समोरचा बघतच राहतो, सायफन पाईप म्हणा, लगेच काढून देतो. नावात व्हॅक्यूम असलं तरी ना मोटर ना लाइट. पुढं एक जाड पारदर्शक नळकांडं, त्याला मागं बारीक पाईप, पाईपचं तोंड खाली बादलीत. गाडीतलं पेट्रोल काढतात तीच ट्रिक. टँक स्टँडवर, बादली फरशीवर, मधल्या उंचीमुळं पाणी आपोआप ओढलं जातं. गंमत त्या जाड नळकांड्यात आहे. ते खडीत खुपसलं की खडी आत वर उचलली जाते आणि गोल फिरते, पण जाड भागात पाण्याचा जोर कमी असल्यानं जड खडी परत खाली पडते आणि हलकी घाण पाण्याबरोबर पाईपमधून निघून जाते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी नुसता बघतच बसलो, एवढी चकाचक वाटणारी खडी आणि आतून चहासारखं पाणी निघायलाय.

पहिल्या दिवशी मी ते चालू करायला तोंडानं ओढलं. चव सांगत नाही. त्या दिवशी शेंगाचटणी-भाकरीसुद्धा गोड लागली नाही. आता अख्खं नळकांडं आणि पाईप टँकमध्ये बुडवून भरून घेतो, पाईपच्या टोकाला अंगठा दाबून बाहेर काढतो, बादलीत नेऊन सोडतो, झालं. रबरी बल्बवालेपण मिळतात, तो दाबला की चालू.

दुसरी चूक म्हणजे मी मोठ्यातलं मोठं नळकांडं आणलं होतं, मित्राच्या टँकला चालेल असलं. एका कोपऱ्यातली खडी होईस्तोवर अर्धा टँक रिकामा! छोट्या टँकला बारीकच घ्यावं, आणि पाईप बोटांनी दाबून जोर कमी-जास्त करता येतो, खडी फार वर चढायला लागली की चिमटीत धरायचा, ती खाली बसते. एका वेळी अर्धीच खडी करतो, उरलेली पुढच्या वेळी, म्हणजे बॅक्टेरियाचा संसार एकदम मोडत नाही. झाडांच्या मुळांशी जात नाही. आणि आधी फिल्टरचं बटण बंद, पाणी खाली गेलं आणि तो कोरडा फिरला तर मोटर जळते.

12 लिटरची एक बादली भरली की थांबायचं, हा माझा नियम. म्हणजे साधारण पाव टँक.

आता नवीन पाण्याचं. नळाच्या दिवशी एक बादली माशांसाठी वेगळी भरून घरातच उघडी ठेवतो, दुसऱ्या दिवशी टँकमध्ये. क्लोरीन उडून जातो, आणि घाई असेल तर अँटिक्लोरीनचे थेंब टाकतो. पण उन्हाळ्यात घरात ठेवण्याचं खरं कारण वेगळं आहे. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हाताला चटका देतं, ते सरळ ओतलं तर माशांचं सूपच. त्यात गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, म्हणून त्या दिवसांत एअर पंप रात्रंदिवस चालू. आणि उन्हाळ्यात पाणी उडून पातळी खाली जाते तेव्हा वरून नुसतं भरत राहणं म्हणजे पाणी बदलणं नव्हे, उडतं ते फक्त पाणी, क्षार आणि घाण आतच राहतात. काचेवर पांढरी रेघ दिसते ना, ती त्याचीच.

राहिला आईचा प्रश्न. आठ दिवसाला 12 लिटर म्हणजे महिन्याचं गणित जवळपास आधीएवढंच येतं, पण आधी ते मोरीत जायचं आणि खडी धुवायला चार बादल्या वेगळ्या. आता हे पाणी कुंड्यांना जातं, त्यातलं नायट्रेट म्हणजे झाडाला खतच. टँकमध्ये औषध किंवा मीठ टाकलेलं असेल तेवढं पाणी मात्र देत नाही. म्हणजे कुंड्यांना जे चांगलं पाणी लागायचं ते वाचलं, मासे फुकटात. आईला हे मी कागदावर मांडून दाखवलं, तिनं कागद बघितला नाही, मोगरा बघितला आणि गप्प बसली.

गेल्या महिन्यात मी बादली बाथरूमबाहेर ठेवून ऑफिसला गेलो आणि दुपारी तिचा फोन, "अरे, मगात काहीतरी वळवळायलंय." गप्पीचं पिल्लू, पाईपमधून ओढलं गेलेलं, जिवंत. तिनं ते चहाच्या गाळणीनं धरून परत टँकमध्ये सोडलं. आता कुंड्यांना पाणी घालायच्या आधी चष्मा लावून बादलीत बघते, आणि गाळणी मात्र नवीन आणायला लावली.