केअरलेस व्हिस्पर, सफेद दोन आणि सॅक्सचा पहिला सूर

इंदूरला गणपतीतला ऑर्केस्ट्रा असो की लग्नाचं रिसेप्शन, स्टेजवर सॅक्स (सॅक्सोफोन) दिसला की एक फर्माईश ठरलेली: जॉर्ज मायकलचं ‘केअरलेस व्हिस्पर’. शब्द फारसे कुणाला पाठ नसतात, पण सुरुवातीचा सॅक्स सगळ्यांना गुणगुणता येतो. म्हणून तो बिघडला की मागच्या रांगेलासुद्धा कळतं. आणि बिघडतो तो बोटांमुळे क्वचितच.

मूळ गाणं सफेद दोनच्या (हार्मोनियमची दुसरी पांढरी पट्टी, पाश्चात्त्य नाव डी) पट्टीत, मायनरमध्ये आहे. सॅक्सवर लिहिलेला सूर आणि ऐकू येणारा सूर वेगळे असतात: ऑल्टोवर (लहान सॅक्स) सी वाजवला की हार्मोनियमची काळी दोन ऐकू येते, टेनरवर (त्याहून मोठा, खालच्या आवाजाचा) काळी पाच. म्हणून या गाण्याला ऑल्टोवाल्याचा सा बी आणि टेनरवाल्याचा ई. पहिले चार सूर सरगममध्ये म्हणजे तार रे, तार सा, पंचम, कोमल ग. ऑल्टोवर सी शार्प, बी, एफ शार्प, डी.

आता बोटं बघा. वरच्या सी शार्पला अंगठ्याची ऑक्टेव्ह की (वरचं सप्तक काढणारी) वगळता एकही बोट दाबलेलं नसतं. बीला एक, एफ शार्पला चार, डीला सहा. उघडा सी शार्प मुळात चढाच वाजतो, त्यात पहिलाच सूर म्हणून माणूस ओठ आवळतो आणि तो आणखी चढतो. गंमत अशी की शेवटचा डीसुद्धा चढण्याकडेच झुकतो. मधले दोन सूर बरोबर, टोकाचे दोन चढे, अशा वेळी माउथपीस बाहेर ओढून काही साधत नाही. टोकं बसली तर मधले उतरतात. ट्यूनिंग एफ शार्पवर करा (कीबोर्डवर तो सफेद सहा) आणि टोकाचे सूर जबडा सैल सोडून खाली आणा. तानपुऱ्याचं अ‍ॅप सफेद दोनवर लावून नुसता रे धरून बसा, पंधरा-वीस सेकंद, न हलवता. जिभेने ‘तू’ म्हणत सुरुवात केली तर सूर ठोकल्यासारखा येतो; श्वासानेच सुरू करा.

रेकॉर्डवर हा टेनर स्टीव्ह ग्रेगरीचा आहे, गाणं १९८४ चं. टेनरवर पहिला सूर वरचा एफ शार्प येतो आणि ग्रेगरीच्या जुन्या सॅक्सला त्याची की नव्हती. मग टेपचा वेग कमी करून पट्टी अर्ध्या सुराने उतरवली, त्याने तेवढंच खाली वाजवलं आणि टेप पुन्हा मूळ वेगावर आणली. त्या आवाजातला थोडा अनोळखी चटका तिथूनच आला असावा. तेव्हा आपला टेनर हुबेहूब तसा वाजत नाही म्हणून रीडला (माउथपीसवरची वेताची पट्टी) शिव्या घालू नका.

गायकाचा आवाज पोचला नाही की कीबोर्डवाला ट्रान्सपोजचं (पट्टी बदलण्याचं) बटण दाबून मोकळा होतो. काळी एक घेतली तर ऑल्टोला पाच फ्लॅट लागतात, टेनरला सहा शार्प. त्यापेक्षा आणखी अर्धा सूर उतरून सफेद एक मागा: ऑल्टोला सरळ ए मायनर मिळतो आणि तो उघडा सी शार्पही टळतो, कारण पहिला सूर बी होतो. हे प्रॅक्टिसलाच ठरवून घ्या.

डिसेंबर-जानेवारीत उघड्यावरच्या कार्यक्रमात स्टँडवर ठेवलेला सॅक्स दहा मिनिटांत गार पडतो आणि उतरतो. आधीच्या गाण्यातच सगळी बोटं दाबून आवाज न काढता आत गरम फुंकर मारत राहा. मे महिन्यात उलट: वाद्य चढतं, आणि आपल्या कोरड्या हवेत रीड वाळून तिचं टोक वेडंवाकडं होतं. दोन-तीन मिनिटं पाण्यात ठेवा, एक जास्तीची रीड ओली तयार असू द्या. रीडचा कडकपणा अडीच नंबरचा पुरतो.

सॅक्सवाल्याकडे मागितलं जाणारं दुसरं गाणं, जेरी रॅफर्टीचं ‘बेकर स्ट्रीट’ (१९७८). त्यात राफेल रॅव्हन्सक्रॉफ्टचा ऑल्टो किंचित उतरलेला आहे. त्याला स्वतःलाही ते खटकत असे. रेकॉर्डवर खपून गेलं, पण कीबोर्डवाल्याने तीच धून सॅक्ससोबत वाजवायला घेतली की फरक उघडा पडतो. त्याला तिथे फक्त कॉर्ड धरायला सांगा. आणि स्वतःच्या जागा (हरकती, मुरक्या) घालू नका: या गाण्यात सॅक्सच ध्रुवपदाचं काम करतो, तो दर वेळी तसाच यायला हवा.

ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या ‘जंगललँड’मधला सॅक्सवाला क्लॅरेन्स क्लेमन्स थोर, पण दोन मिनिटांहून लांब सोलो रिसेप्शनला कोण ऐकणार?

पिंक फ्लॉइडचं ‘मनी’ (१९७३) मात्र आपल्याकडच्या तबलजींनी जरूर करावं. डिक पॅरीचा टेनर सात मात्रांवर चालतो आणि गिटार सोलो आला की गाणं चार मात्रांवर जातं. सात ऐकताच हात रूपकाकडे वळतो, तिथेच घोटाळा. रूपकात समेवरच खाली (म्हणजे टाळी नाही) आणि ३-२-२ असे खंड. इथे पहिली मात्रा बेसने भक्कम दाबलेली असते. बेसची ओळ तोंडाने म्हणत सात मोजा, ठेका नंतर.

आणि ऑल्टोचा गोड, हवा मिसळलेला आवाज हवा असेल तर परदेशी रेकॉर्ड कशाला, मनोहारी सिंग ऐका: ‘काश्मीर की कली’ (१९६४) मधलं ‘है दुनिया उसी की’. रफींच्या ओळी संपतात तिथे सॅक्स किती हळू शिरतो ते बघा. तसा आवाज काढायला खालचा ओठ थोडा मागे, जबडा सैल आणि माइक घंटीच्या (सॅक्सचं पुढचं रुंद टोक) तोंडाशी न ठेवता वीतभर वर, कीजच्या बाजूला. तोंडाशी ठेवला तर खालचे सूर अंगावर येतात आणि वरचे हरवतात.