आधी चार कडा

शाळेच्या अमृतमहोत्सवानिमित्त विद्यार्थ्यांच्या छायाचित्रांचं प्रदर्शन भरणार आहे, असं कळलं. मनोगतात आठवणी लिहायचा रिवाज आहे. पण आपल्या चित्रकलेच्या वर्गानं दिलेली एक गोष्ट आठवणीपेक्षा जास्त कामाची आहे. आज ज्यांच्या हातात मोबाइल आहे त्यांच्यापर्यंत ती पोचावी, म्हणून हे लिहितो आहे.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या तयारीत रेषा, आकार, छटा, पोत, अवकाश हे शब्द आपण सगळ्यांनीच पाठ केले. तोल, लय, विरोध, प्रमाण, प्राधान्य ही तत्त्वं संकल्पचित्रात वापरली. परीक्षा झाली की ड्रॉइंग बोर्ड माळ्यावर जातो आणि हे शब्दही त्याच्यासोबत जातात. फोटो काढायला मात्र पावलोपावली तेच लागतात.

फरक आहे तो सुरुवातीचा. ड्रॉइंग पेपर कोरा असतो, जे हवं तेवढंच आपण त्यावर काढतो. कॅमेऱ्याची चौकट भरलेलीच मिळते: विजेचा खांब, लोंबणारी केबल, मागून जाणारा ऑटो, कडेला कुणाची तरी अर्धी चप्पल. इथे नको ते बाहेर काढायचं असतं आणि खोडरबर नसतो. आपण स्वतः दोन पावलं सरकणं, खाली बसणं, पुढे जाणं, हाच खोडरबर.

त्यासाठी सगळ्यात स्वस्त साधन पुठ्ठ्याचं. बुटांच्या खोक्याचा पोस्टकार्डाएवढा तुकडा घ्या आणि मधोमध ६ सेंमी × ४ सेंमीची खिडकी कापा. डोळ्याकडची बाजू काळ्या पोस्टर कलरनं रंगवा, कारण पांढरा पुठ्ठा उन्हात डोळ्यांवर येतो आणि खिडकीतलं दृश्य फिकट वाटतं. खालच्या कोपऱ्याला दोरा बांधून पुठ्ठ्यापासून ४, ८ आणि साडेबारा सेंमीवर गाठी मारा. गाठ डोळ्याखालच्या हाडाला टेकवायची, दोरा ताठ करायचा, दुसरा डोळा मिटायचा. ४ सेंमीवर दिसतं ते साधारण मोबाइलच्या १एक्स लेन्सचं दृश्य, ८ वर २एक्स, साडेबारावर ३एक्स. फोन खिशातच ठेवून अशी दहा दृश्यं ठरवा आणि मगच फोन काढा. स्क्रीनवर सगळंच चकचकीत दिसतं, त्यामुळे ते आधीच चांगलं आहे असा भास होतो. पुठ्ठा तसं फसवत नाही.

खिडकीतून बघताना नजर आधी विषयाकडे नेऊ नका. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरू करून चारही कडांवरून एक फेरी मारा. दोन-तीन सेकंदांचं काम आहे. कडेला काय अर्धं कापलं जातंय? सगळ्यात उजळ डाग कुठे आहे? वस्तुचित्राच्या वेळी छटा ओळखायला डोळे बारीक करायचो, तसेच इथेही करा. बारीक डोळ्यांना तपशील दिसत नाहीत, नुसते उजळ आणि गडद ठिपके उरतात. त्यातला सगळ्यात उजळ ठिपका कडेला असेल, तर बघणाऱ्याची नजर विषय सोडून तिकडे जाणार. पांढरी प्लास्टिकची पिशवी, ट्यूबलाइट, पानांच्या फटीतून दिसणारं कोरं आभाळ हे नेहमीचे चोर.

नागपूरच्या झीरो माइलला जाऊन हे तपासून बघा. वालुकाश्माचा स्तंभ, चार घोडे आणि मागे आता मेट्रो स्टेशनची मोठी इमारत. उभ्यानं फोटो काढला तर घोड्याची मान आणि मागच्या इमारतीच्या रेषा एकमेकांत मिसळतात आणि घोडा कुठे संपतो तेच कळत नाही. एखादा दिव्याचा खांब तर थेट घोड्याच्या डोक्यातून उगवल्यासारखा दिसतो. जमेल तितकं खाली बसा, म्हणजे डोक्यामागे आभाळ येतं. मग डावीकडे-उजवीकडे वीतभर सरकत खांब सुटा करा. विषय जवळ आणि खांब लांब असल्यामुळे वीतभर सरकण्यानंही मागचं बरंच हलतं. मान आणि आभाळ यांच्यातला गडद-उजळ विरोध मिळाला की आकार आपोआप उठून येतो.

आता शाळेचं सायकल स्टँड घेऊ. लय शिकायला याहून चांगली जागा मला तरी माहीत नाही. अर्ध्या-अर्ध्या मीटरवर सायकली लागलेल्या आहेत असं धरा. बहुतेक जण पहिल्या सायकलीपासून मीटरभरावर उभे राहून १एक्सनं फोटो काढतात. पहिली सायकल १ मीटरवर असली तर सहावी साडेतीन मीटरवर असते. म्हणजे पहिलीचं चाक सहावीच्या साडेतीन पट मोठं दिसणार. एकच अवाढव्य चाक आणि मागे सगळी गर्दी. लय हरवली. आता मागे जाऊन पहिलीपासून ४ मीटरवर उभे राहा आणि २एक्स किंवा ३एक्स लावा. सहावी सायकल साडेसहा मीटरवर आली, मोठेपणाचा फरक जेमतेम १.६ पट राहिला. चाकं सारख्याच मापाची, एकामागून एक सरकत गेलेली दिसतात. इथे जादू झूमची नाही, अंतराची आहे. वस्तूंचं एकमेकांशी प्रमाण आपण कुठे उभे आहोत त्यावरच ठरतं, झूम फक्त चौकट आवळतो. फोनला वेगळी टेलिफोटो (लांबचं जवळ आणणारी) लेन्स नसेल आणि बोटांनी ३-४एक्सच्या पुढे ताणलं, तर तो बहुधा नुसता कापून मोठा केलेला फोटो असतो. मोठ्या प्रिंटमध्ये पोत चिखलासारखा दिसतो.

फोन किती उंचीवर धरायचा? कमरेच्या उंचीवरून हँडल, सीट, कॅरिअर सगळ्यांचा गुंता होतो. तो चाकाच्या आसापर्यंत, म्हणजे जमिनीपासून साधारण ३३ सेंमीवर आणा. वर्तुळं एकमेकांवर चढलेली दिसू लागतात आणि ऊन बाजूनं असेल तर आऱ्यांच्या सावल्या जमिनीवर दुसरी रांग उभी करतात. रांग दोन्ही कडांच्या बाहेर जाऊ द्या. शेवटची सायकल आणि पलीकडची भिंत दिसली की डोळा मोजणी संपवून मोकळा होतो. नुसत्या आवृत्तीनं मात्र चित्र सपाट होतं. एक हँडल उलट वळलेलं, एखाद्या हँडलला अडकवलेली डब्याची पिशवी, असा एक भंग शोधा. तो पहिल्या सायकलीवर नको आणि मधोमधही नको. सहातल्या चौथीवर चालेल. त्याआधी तीन-चार सारख्या गोष्टी दिसल्या नाहीत तर नियमच तयार होत नाही, मग मोडणार काय?

तृतीयांशाच्या, म्हणजे चौकटीचे उभे-आडवे तीन-तीन सारखे भाग करायच्या नियमावर थोडंच लिहितो, कारण तो सगळ्यांना माहीत असतो आणि तिथेच बरेच जण थांबतात. सेटिंगमध्ये ग्रिड, म्हणजे त्या भागांच्या रेघा, सुरू करा. या नियमाला नाव दिलं इंग्लिश चित्रकार जॉन थॉमस स्मिथ यांनी, १७९७ साली. त्यांचा भर रेघांच्या छेदबिंदूंपेक्षा असमान वाटणीवर होता: आभाळाला दोन हिस्से दिले तर जमिनीला एक. अर्धं-अर्धं केलं तर दोघांचं भांडण लागतं. फुटाळा तलावावर सूर्यास्त काढताना ठरवा, रंग आभाळात जास्त आहेत की पाण्यात, आणि ज्याचं पारडं जड त्याला दोन हिस्से द्या. चेहरा छेदबिंदूवर ठेवून उरलेली जागा रिकामी सोडली तर त्या अवकाशालाही काम हवं. नजर तिकडे असावी, चाल तिकडे असावी, नाहीतर ती जागा वाया गेली.

सममित तोलाचं गणित उलट आहे. दीक्षाभूमीच्या स्तूपासमोर उभं राहिलात तर वास्तूच मध्यरेषा सांगते. तिथे अर्धवटपणा चालत नाही. पाऊलभर बाजूला असलात की चित्र सममितही नसतं आणि ठरवून तिरकंही वाटत नाही, नुसती चूक वाटते. फरशीच्या सांध्यावर उभे राहा, घुमटाचं टोक ग्रिडच्या मध्यावर आणा आणि डाव्या-उजव्या कडेला उरलेली जागा सारखी आहे का बघा. वरचं टोक बसत नाही म्हणून फोन मागे कलवला की उभ्या रेषा वर जाताना आत झुकतात. फोन भिंतीसारखा सरळ धरून मागे जा. खाली फरशी जास्त येईल, ती नंतर कापता येते.

उन्हाबद्दल नागपूरकरांना काय सांगायचं! पण फोटोसाठी एक हिशेब लक्षात ठेवा. आपलं शहर साधारण २१.१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि जुलैच्या मध्यास भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो. डोळ्यांच्या खोबणीत अंधार, नाकाखाली काळी पट्टी आणि जमिनीचा पोत गायब, कारण सावली पडायला तिरपा उजेडच नसतो. डिसेंबरात मात्र दुपारीही सूर्य ४५ अंशांच्या आसपास असतो आणि माणसाएवढीच त्याची सावली पडते. म्हणून शाळेचे खांब, जिने, झाडांच्या साली हिवाळ्यात काढा. उन्हाळ्यात सकाळची शाळा भरायच्या आधी किंवा व्हरांड्याच्या सावलीत, उघड्या बाजूकडे चेहरा करून.

रंगासाठी कळमन्याच्या मार्केटमधला संत्र्यांचा ढीग घ्या, आंबिया बहाराचा किंवा मृगाचा, कुठल्याही हंगामातला. वर्णचक्रात नारिंगीच्या समोर निळा येतो, म्हणून निळ्या ताडपत्रीशेजारची संत्री पेटल्यासारखी दिसतात. पण त्याच ताडपत्रीच्या खाली गेलात तर उजेडच निळा होतो आणि संत्री मळकट दिसतात. चौकट नारिंगीनंच भरली तर ऑटो व्हाइट बॅलन्स (उजेडाचा रंग आपोआप सुधारणारी सोय) तो रंग जास्त झाला समजून थंड करायला जातो. प्रो मोड (सेटिंग हातानं बदलायची सोय) असेल तर व्हाइट बॅलन्स ५२०० ते ५५०० केल्विनवर, म्हणजे उन्हाच्या उजेडावर ठेवा. ढिगातलं एकच फळ, पान लागलेलं, समोर घ्या: सालीवरची छिद्रं, देठाजवळची हिरवट छटा, बाजूच्या उन्हात उठलेला खडबडीत पोत. शंभर फळांपेक्षा ते एक जास्त सांगतं.

उजेडाच्या मोजणीतही अशीच गफलत होते. कॅमेरा सगळ्याला मधल्या राखाडी छटेवर आणू बघतो. प्रार्थनेच्या रांगेतले पांढरे शर्ट त्यामुळे मळके येतात, तिथे एक्सपोजर (फोटोचा उजळपणा) +०.७ ते +१ करा. मारबतीच्या दिवशी, म्हणजे मोठ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीत, काळी मारबत चौकटभर आली तर ती राखाडी दिसते, तिथे –०.७. पिवळी मारबत मात्र रंगाच्या जोरावरच प्राधान्य मिळवते, फक्त गर्दीतला दुसरा पिवळा चौकटीबाहेर ठेवा. त्याच दिवशी तान्हा पोळा असतो. लाकडी बैल धरलेल्या मुलाचा फोटो उभ्यानं काढला की डोकं मोठं, पाय बारीक आणि बैल पायाशी पडलेलं खेळणं. गुडघ्यावर बसून लेन्स मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा. मूल आणि बैल दोघांनाही मान मिळतो.

चेहऱ्याचा फोटो दीड मीटरवरून, २एक्सनं घ्या. नाक कानापेक्षा साधारण १० सेंमी पुढे असतं. ३० सेंमीवरून ते कानाच्या मानानं ३३ टक्के मोठं दिसतं, दीड मीटरवरून ७ टक्के. हात-पाय कापायचेच असले तर मनगट, गुडघा, घोट्यावर कापू नका, सांध्यांच्या मधे कापा. वर्गाच्या ग्रुप फोटोला ०.५एक्स अजिबात नको, कडेची मुलं आडवी ताणली जातात.

प्रदर्शनाच्या प्रिंटसाठी आता शेवटचं. १२ × १८ इंच म्हणजे २ : ३, फोनचा फोटो ३ : ४. आडव्या फोटोची उंची नवव्या भागानं कापली जाणार, म्हणून काढतानाच वर-खाली बोटभर जागा सोडा. २०० डीपीआयनं (इंचाला २०० ठिपके) छापायला ३६०० × २४०० पिक्सेल लागतात. व्हॉट्सअॅपवर साधा पाठवलेला फोटो लांब बाजूनं १६०० च्या आसपास उरतो, म्हणजे १८ इंचांवर ८९ डीपीआय, आणि सायकलीच्या आऱ्यांचे कंगोरे फुटतात. फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्हवर द्या. आणि काढण्याआधी लेन्स सुती रुमालानं पुसा. बोटाच्या तेलकट ठशामुळे दिव्यांभोवती जी धूसर आभा येते, ती नंतर कशानंच जात नाही.